भिंत सुकेपर्यंत

पोपडेकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यांनाही ते आठवायला डोकं खाजवावं लागायचं. रंगारी काय, ढिगाने मिळतात. पण हे काका फक्त बाथरूमच्या भिंती दुरुस्त करायचे. हॉल रंगवायला बोलावलंत तर तोंडावर नाही म्हणायचे. "हॉल कुणीही रंगवील हो. ज्याला हात आहेत तो रंगवील." पण कुठे रंगाला फुगे आलेत, पोपडे लोंबताहेत, कोपऱ्यात काळी बुरशी चढलीय असं कानावर आलं, की काकांच्या अंगात वारं शिरायचं. हातातला चहा तसाच टाकून निघायचे. म्हणून पोपडेकाका. त्यांना या नावाचा राग नव्हता. रंगाच्या दुकानातही ते स्वतःच "पोपडे आलेत म्हणून सांगा" असं म्हणायचे.

कामाची त्यांची एक रीत होती. घरात शिरले की घरचे लोक भिंत दाखवायला पुढे धावायचे, आणि काका भिंतीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आधी मान वर. झरोका कुठाय? उघडा आहे का? पंखा असेल तर लावता का, की नुसता शोभेला ठेवलाय? एवढी उलटतपासणी झाली की मग बोटाच्या पेराने भिंत वाजवत जायची. आवाज पोकळ आला की तिथे पेन्सिलीने गोल. "रंगाला नका शिव्या देऊ," ते म्हणायचे. "रंग बिचारा काय करणार? तुम्ही आंघोळीची वाफ कोंडता. ती भिंतीत शिरते. मग तिला बाहेर यायचं असतं आणि वाटेत रंग उभा असतो." लोक माना डोलवायचे, आणि काकांची पाठ फिरली की पुन्हा झरोका बंद करून घ्यायचे. ते जाऊ द्या.

पलीकडच्या रस्त्यावरच्या मास्तरीणबाईंकडे काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. बाईंच्या भिंतीवर ओलीचा एक डाग असा काही पसरला होता की त्यांना त्यात माणसाचा चेहरा दिसायचा. आंघोळ करताना तो आपल्याकडे बघतो, म्हणाल्या. काका पट्टीने खरवडता खरवडता खो खो हसले.

"बाई, भूत असतं तर एवढं मोठं घर सोडून बाथरूममध्ये कशाला राहिलं असतं? त्याला काय रोज आंघोळ लागते?"

बाईंनाही हसू आलं. जरा धीर आला तशा त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचं बाथरूम म्हणजे अगदी आरसा असेल, नाही?"

काकांचा हात थांबला. मग त्यांनी डब्याचं झाकण उगाचच उघडलं, उगाचच लावलं, आणि "तुमच्याकडे जुनं फडकं आहे का एखादं?" असं विचारलं. फडकं त्यांच्या खांद्यावरच होतं.

आता खरं सांगायचं तर अख्ख्या गल्लीत पोपडेकाकांच्या बाथरूमइतकं वाईट बाथरूम दुसरं नव्हतं. फरशीच्या वर, साधारण खांद्याच्या उंचीला, उजव्या हाताच्या भिंतीवर ओलीचा भला मोठा डाग. त्याच्याभोवती रंगाच्या पापुद्र्यांची झालर. छताच्या कडेने बुरशी. दार उघडलं की नाकात तो कुबट वास शिरायचा. काकांनी ती भिंत दुरुस्त केली नव्हती असं नाही. किती वेळा केली याची गणती त्यांनाही नव्हती. खरवडली, औषधाने धुतली, खळगे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचपेपर मारला, रंगाचे दोन-दोन हात दिले. आणि महिना-दोन महिन्यांत डाग परत हजर, नेमका त्याच जागी. लोकांच्या भिंती वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या माणसाची स्वतःची भिंत टिकत नव्हती.

का टिकत नव्हती? झरोक्यात चादर कोंबलेली होती म्हणून. बस, एवढंच.

चादर काकूंनी कोंबली होती. काकू म्हणजे काकांची बायको. थंडीचं आणि त्या बाईचं हाडवैर. भर उन्हाळ्यातही तिला कढत पाणी लागायचं, आणि आंघोळीच्या वेळी झरोक्यातून वाऱ्याची एक झुळूक आली तरी दिवसभर तिची कुरकुर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने स्टुलावर चढून जुनी चादर घडी घालून झरोक्यात ठोसून बसवली. काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, माझा धंदा काय आणि तू करतेस काय? भिंत मरेल!"

"भिंत मरू दे," आतून उत्तर आलं. "मी नको मरायला."

काकू दिवसभर शिलाई मशिनवर असायची, काका दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये. संध्याकाळी दोघंही दमून गप्प. बोलायची वेळ काय ती सकाळची. ती आत आंघोळ करायची, काका बंद दाराबाहेर स्टुलावर बसून चहा प्यायचे, आणि दोघांच्या गप्पा दाराच्या फळीतून चालायच्या. सुरुवात ठरलेली. "अहो, ऐकताय का?" "ऐकतोय, बोल." मग वरच्या मजल्यावरच्या बाईने दोरीवरचे चिमटे पुन्हा पळवले इथपासून जे काही मनात असेल ते. काय गंमत असते बघा, समोरासमोर जे तिच्या तोंडून निघायचं नाही ते दाराआडून सहज निघायचं. दिवस गेल्याचं तिने दाराआडूनच सांगितलं. लेकीच्या लग्नाला आपला होकार आहे हेही दाराआडून. आणि एके दिवशी बादलीतल्या मगाचा आवाज थांबला, बराच वेळ नुसतं नळाचं पाणी, आणि मग, "अहो, ऐकताय का? इथं काखेत गाठ लागतेय हाताला."

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. शेवटच्या दिवसांत तिला उभं राहवत नव्हतं, तेव्हा काका दाराच्या आत आले. ती डाव्या हाताने त्यांचा खांदा धरायची, उजवा तळवा भिंतीला टेकवायची, आणि काका पाणी घालायचे. त्या दिवसांत दोघं काही बोलायचे नाहीत. बोलण्यासाठी मध्ये दार लागायचं ना त्यांना!

डाग पडला तो त्या तळव्याच्या जागी.

ती गेली. पाहुणे आले, गेले. लेक राहिली, तीही तिच्या घरी गेली. आणि पहिल्या एकट्या सकाळी काका उठले, गिझर लावला, बादली नळाखाली सरकवली, बारीक धार सोडली, बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि चहा घेऊन स्टुलावर बसले. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. इतक्या वर्षांचं अंगवळणी पडलेलं, हात आपले आपण चालले. आत पाणी पडत होतं. दाराच्या फटीतून वाफ येत होती. आणि आतून कुणीतरी घसा खाकरला.

काकांच्या हातून कप बशीवर आपटला. पण पळाले नाहीत. आपल्याच माणसाला घाबरून कुणी पळतं का? ते हळूच म्हणाले, "ऐकतोय, बोल."

आणि ती बोलली. चिमटे अजून वरचीकडेच आहेत, म्हणाली.

तेव्हापासून रोज. तुम्ही म्हणाल, भास. म्हणा. काकाही दुसऱ्याला तेच म्हणाले असते. दार उघडून आत बघायचं नाही एवढं पथ्य त्यांनी पाळलं. बादली भरून वाहायला लागली की आतला आवाज मंदावायचा, मग काका मोठ्याने म्हणायचे, "झालं का गं?" आणि थोडं थांबून, तोंड दुसरीकडे करून, आत हात घालून नळ बंद करायचे. डाग फुगत होता, पापुद्रे सुटत होते. महिन्या-दोन महिन्यांनी काका भिंत खरवडायचे, ओल्या भिंतीवरच लांबी भरायचे, ओल्या भिंतीवरच रंग द्यायचे. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर त्याला त्यांनी गल्लीभर शिव्या घातल्या असत्या. आणि डाग परत वर आला की यांना बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं! चोरासारखं, पण बरं वाटायचं. आहे म्हणायची अजून.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण लेकीला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. जावई बोटीवर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यावरच. लेक म्हणाली, "बाबा, मी आणि पोरगा तुमच्याकडेच येऊन राहतो. मी कामावर गेले की तो तुमच्यापाशी." काकांना आभाळ ठेंगणं झालं. नातू पाच वर्षांचा, तोंडाची टकळी एकसारखी चालू. काकांनी खिडकीखाली त्याच्यासाठी छोटी खाट टाकून ठेवली, बाजारातून चेंडू आणला, वरच्या बाईला मुद्दाम थांबवून बातमी सांगितली.

आधी चार दिवस राहून बघू म्हणून दोघं आली. आणि दुसऱ्याच दिवशी पोराची छाती भरली. त्याला मुळातच दम्याचा त्रास. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या, एवढासा जीव खाटेवर उठून बसायचा आणि आईकडे बघत राहायचा. लेकीने औषध ओढायला दिलं, पाठ चोळली. मग ती सरळ बाथरूममध्ये गेली. नर्सच ती, तिला कुणी सांगायला नको होतं. बुरशी बघितली, डाग बघितला. शेवटी मान वर केली. बापाचीच लेक!

"बाबा, आईची ही चादर अजून झरोक्यात कोंबलेलीच आहे? लोकांच्या घरी जाऊन तुम्ही काय सांगता आणि..." ती चादर ओढायला स्टुलावर चढली.

"हात लावू नकोस!"

काका इतक्या जोरात ओरडले की पोरगा खाटेवर दचकला. लेकीवर ते जन्मात ओरडले नव्हते. ती स्टुलावरून खाली उतरली. बापाचा चेहरा बघितला आणि पोराकडे गेली.

संध्याकाळी बॅग भरताना ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आईची आठवण मलाही येते. पण माझ्या पोराला श्वास घेता येत नाहीये. ती भिंत कोरडी झाली तर मी येते. नाही झाली तर दवाखान्याजवळ खोली बघते, त्याला सांभाळायला बाई ठेवते. एकदा तिथे बस्तान बसलं की मग पुन्हा हलणार नाही मी. नोकरीवर रुजू व्हायला अजून दीड-दोन महिने आहेत. बघा काय ते."

नातू जिन्यातून हात हलवत गेला. त्याला काही कळलं नव्हतं. चेंडू खाटेखालीच राहिला.

काकांनी पहिलं काय केलं असेल? पळवाट शोधली. माणूसच तो. त्यांनी स्वतःची समजूत घातली की पाइप गळत असणार. आणि जुन्या दोस्ताला, फरशीवाल्याला, निरोप धाडला की सकाळी येऊन जरा बघून जा. फरशीवाला तोंडाचा फाटका पण मनाचा साफ. काकूच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर काकांच्या शेजारी बसून राहिलेला हाच.

तो आला तेव्हा काका स्टुलावर होते आणि आत पाणी पडत होतं. फरशीवाल्याने चप्पल काढली, हातोडीची पिशवी भिंतीशी ठेवली, इकडेतिकडे बघितलं.

"आत कोण आहे रे?"

"ही आहे," काका म्हणाले. "बस ना. येईल आता."

तोंडातून निघून गेलं. किती सहज निघालं! काकांनाच ते आधी ऐकू आलं नाही, फरशीवाल्याचं तोंड बघितल्यावर ऐकू आलं. तो गडी पांढराफटक पडला होता. दोघंही बंद दाराकडे बघत राहिले. आत प्लॅस्टिकचा मग बादलीच्या काठाला लागल्यासारखा एक आवाज झाला, आणि फरशीवाल्याने काकांचं मनगट घट्ट धरलं.

"पोपड्या," तो कसाबसा म्हणाला, "हे तू ऐकलंस?"

"रोज ऐकतो."

शेवटी दार फरशीवाल्यानेच उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला. आत कुणी नव्हतं. बादली भरून वाहत होती आणि तिच्यावर मग तरंगत होता, काठाला टेकत होता, बाजूला होत होता. फरशीवाल्याने नळ बंद केला. पाइप तपासले, वरच्या बाईकडे जाऊन तिची फरशी बघून आला, खाली येऊन हात धुतले.

"पाइप ठणठणीत. वरची फरशी कोरडी. ओल कुठून येते ते तुला माहितीये, मला विचारू नकोस."

"तू काढ ना ती चादर," काका खाली बघत म्हणाले. "माझा हात उचलत नाही."

"मी नाही काढणार, लेका. वहिनीने लावलीय. मी काढली तर तू मला आयुष्यभर माफ करणार नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी चादर कोंबशील. मी ओळखत नाही का तुला?" त्याने पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाला, "भिंत सुकेपर्यंत आंघोळीला माझ्याकडे ये. साबण तुझा आण, आमच्याकडे टिकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी गिझर लावला. धार सोडली, दार ओढलं, स्टुलावर बसले. या वेळी चहा केला नव्हता. ती बोलायच्या आधी आपणच बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"ऐकतेस का?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने आलं होतं. "आपला नातू इथं आला होता. बोलतो फार, तुझ्यासारखा. त्याची छाती वाजते गं. ही वाफ, ही बुरशी, त्याला सोसत नाही. मी त्याला बसून श्वास ओढताना बघितलं. मला बघवलं नाही." पाणी पडत होतं. काकांच्या डोळ्यांतूनही पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मी काय करू? तुला ठेवलं तर ती येत नाहीत. ती आली तर तू... मला एकट्याला हे ठरवायला लावू नकोस. काहीतरी बोल की."

आत पाणी, नुसतं पाणी. मग मगाचा आवाज थांबला.

"अहो, ऐकताय का?"

अगदी तसंच. तोच आवाज, तीच ती शेवटी वर जाणारी लकेर. पुढचा शब्द काकांच्या ओठांवर येऊन थांबला होता. तो म्हटला असता तर ती बोलली असती. काहीतरी नक्की बोलली असती, आणि मग उद्याही.

"ऐकतोय," काका म्हणाले. "बोल" म्हणाले नाहीत. उठले, आणि दार उघडलं.

बादली होती, वाफ होती. भिंतीवरून ओघळ उतरत होते. काकांनी नळ बंद केला, बादली पालथी केली, स्टूल आत ओढून त्यावर चढले आणि चादरीत बोटं घातली. चादर झरोक्यात पार चिकटून बसली होती. ओढली तशी मधोमध फाटली, अर्धी हातात आली. उरलेली त्यांनी पट्टीने उकरून काढली. गार वारा सपकन तोंडावर आला आणि उजेडाचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडला. त्या उजेडात बाथरूम इतकं लहान आणि इतकं घाण दिसलं की काका स्टुलावरच उभे राहिले. "माफ कर गं," म्हणाले. तिला का भिंतीला, कोण जाणे.

मग काम. काम मात्र त्यांनी असं केलं की बस. पट्टी घेऊन भिंत खरवडायला लागले तर रंगावर रंग निघायला लागले. प्रत्येक वेळी फसवून दिलेला एकेक थर. पांढरा, मग पिवळट, मग पांढरा, आणि सगळ्यांत खाली काकूने लग्नानंतर निवडलेला फिकट हिरवा. "हिरवा छान, डोळ्यांना थंड," म्हणाली होती, थंडीशी वैर असलेली बाई! काका खरवडता खरवडता एकटेच हसले आणि मग हुंदका आला म्हणून जमिनीवर बसले. हिरवाही काढला. खालचं प्लॅस्टर भुसभुशीत झालं होतं, तेही काढलं. बुरशीवर औषध लावलं, घासलं, पुन्हा लावलं. टेबलफॅन आणून दारात ठेवला आणि दिवसभर भिंतीवर सोडला.

रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून फरशीवाल्याकडे आंघोळीला. तिथे फरशीवाल्याची बायको बाहेरून ओरडायची, "भावजी, आटपा, रांग लागलीय!" काका आतून गुमान "झालं झालं" म्हणायचे. घरी आले की भिंतीला हात. दिवसागणिक भिंत सुकत होती. एरवी भिंत सुकली की या माणसाला कोण आनंद व्हायचा. आता रोज हात लावताना धाकधूक व्हायची, की आज आणखी सुकलेली असेल.

सगळी भिंत कोरडी झाली तरी तेवढी जागा ओली राहिली. तळव्याएवढी. फॅन लावून झाला, बल्ब लावून झाला, काही उपयोग नाही. फरशीवाला म्हणाला, जुनी ओल आहे, खोल गेलीय, वेळ लागेल. लेकीचा फोन आला. "बाबा, झालं का? मला खोलीचं कळवायचंय." काकांच्या एका बाजूला लांबीचा डबा, दुसऱ्या बाजूला फोन. एवढ्याशा ओलीवर लांबी मारली तर कुणाला कळणार होतं? महिनाभर कळलं नसतं. लेक राहायला आली असती. आणि मग एका सकाळी डाग वर आला असता. आला असताच. काकांना त्या विचाराने गोडही वाटलं आणि धडकीही भरली. ते डब्याचं झाकण उघडून बसले. पट्टीवर लांबी घेतलीसुद्धा.

मग त्यांना ती वाजणारी छाती आठवली. त्यांनी लांबी परत डब्यात निपटली.

"आठ दिवस थांब," ते फोनवर म्हणाले. "भिंत अजून ओली आहे. ओल्या भिंतीवर मी रंग देणार नाही."

आठाचे पंधरा झाले. लेक कुरकुरली, पण थांबली. आणि एका दुपारी काकांनी हात लावला तर तिथे इतर भिंतीसारखीच भिंत होती. नुसती कोरडी, गार. त्यांनी पालथा हात लावून बघितला, गाल लावून बघितला. बराच वेळ गाल तसाच टेकवून उभे राहिले. आतून काही आलं नाही.

काढलेल्या जागी नवं प्लॅस्टर, ते सुकल्यावर प्रायमर, लांबी, काचपेपर, पुन्हा लांबी, पुन्हा काचपेपर, मग रंगाचे हात. झरोक्यात त्यांनी छोटा पंखा बसवला. फरशीवाला बघायला आला, भिंतीवर बोटं फिरवून म्हणाला, "पोपड्या, हे तुझ्या जन्मातलं सगळ्यांत भारी काम आहे." काकांनी पट्टी धुवून पिशवीत टाकली. त्या दिवसापासून सकाळी ते घरीच आंघोळ करायला लागले. दार लावायचे, पंखा घुर्र करायचा. बाहेर स्टुलावर कुणी नाही, आत बोलणारं कुणी नाही. चहा ते आता स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच प्यायचे.

लेक सामान घेऊन आली. नातू घरभर धावला, खाटेखालचा चेंडू शोधून काढला आणि "आजोबा, टाका!" म्हणून बडबड सुरू. दिवस गेला, पोराची छाती वाजली नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्या दिवशी लेक बाथरूममधून बाहेर आली ती डोळे भरून. बापाच्या दंडाला धरून तिने त्यांना आत नेलं.

"बाबा, आई शेवटी शेवटी हात टेकायची ना इथं? तुम्ही मला फोनवर सांगितलं होतंत. कुठं टेकायची? नक्की कुठं?"

"ही बघ," काका म्हणाले आणि हात भिंतीवर ठेवला. "इथं."

मग त्यांनी हात थोडा वर घेतला. "नाही. इथं असेल." पुन्हा थोडा उजवीकडे. बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, सगळीकडे एकच भरीव आवाज. तळवा सरकवत नेला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. भिंत गुळगुळीत होती. कुठे उंचवटा नाही, खळगा नाही, थराची रेघ नाही. असलं काम करणारा माणूस अख्ख्या शहरात दुसरा नव्हता.

"राहू दे, बाबा," लेक म्हणाली.

"थांब गं," काका म्हणाले. त्यांनी दुसराही हात भिंतीला लावला. "इथंच होतं. मला माहितीये की. इथंच कुठंतरी होतं."